आईचा फोटो नव्हता

रामलिंग पेंटरची डायरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि वेडीच झाले. अहमदपूरचा हा माणूस दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि गेलेल्या माणसांच्या तसबिरी काढायचा. आमच्या घरातली आईची तसबीर त्याचीच. माझा चित्रकलेचा नाद बघून त्यानंच डायरी दिली. "चेहरा विचारू नका, भांडण विचारा. भांडण सांगताना माणूस गेलेल्याचा चेहरा करून दाखवतो." असल्या वाक्यांखाली मी लाल रेघा मारल्या. मधल्या कामाच्या नोंदी बघितल्याच नाहीत. पाट्यांच्या मापात काय वाचायचं!

आता त्रेचाळीस वर्षांची मी लातुरात चित्रकला शिकवते. जिथं घरटी एक डॉक्टर व्हायला निघालाय तिथं चित्रकला. माझी हौस बघा. परवा वर्गात सांगायला काहीतरी हवं म्हणून डायरी काढली. लाल रेघांची वाक्यं या खेपेला जरा भाषणबाजीच वाटली. मग बिनरेघांच्या नोंदी चाळायला लागले आणि त्यातच रमले. कुठल्या पाटीला किती फूट पत्रा, कुणाला मिशा नसताना काढून दिल्या. आणि एका पानावर हे:

"चाकूर. देविदासची बायको. फोटो नाही. नवरा बोलेना. पोरगी बसवली, तिचंच वय वाढवलं. लोक म्हणाले, हुबेहूब."

देविदास म्हणजे माझे वडील, आमचे दादा. पोरगी मी, सहा वर्षांची. कुणीतरी पाटावर बसवून लिमलेटची गोळी दिली होती, एवढं आठवलं.

अगं बाई! म्हणजे सदतीस वर्षं जिला हार घालतोय ती मीच? आणि पाहुणे म्हणायचे, "जया अगदी आईवर गेली." जाईल नाही तर काय! पेंटरचा असा राग आला. मग त्याहून वाईट कळलं. आईचा चेहरा मला आठवतच नाही, आठवतो तो तसबिरीतलाच.

सकाळची एसटी धरून चाकूर गाठलं. दादा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी नोंद वाचून दाखवली.

"दादा, खरं हाय का हे?"

"हाव. पेंटर इचारू लागला, नाक कसं, कपाळ कसं. सात वर्षं संसार केला, पण तोंडातून शब्द फुटंना. त्यानं तुला बसवलं. मी बी गप बसलो."

"मग कशी होती ती?"

"आता काय सांगावं जये. चांगली होती."

चांगली होती! असली तणतणले मी, ओरडणारच होते. तेवढ्यात ती लाल रेघ आठवली.

"बरं, तुमचं भांडण कशावरून व्हायचं?"

दादा एकदम हसले. "लई भांडखोर! बाजारातून वांगी आणली की म्हणायची, किडकीच बरी सापडतात तुमाला. अन् अशी बघायची..."

त्यांनी करून दाखवलं. डावी भुवई वर, खालचा ओठ बाहेर, मान जराशी तिरकी. सत्तरीच्या त्या मिशाळ तोंडावर एक बाई दिसली. माझ्यासारखी ती बिलकुल नव्हती.

"दादा, हलू नका," मी म्हणाले आणि रडत रडत पर्समधली पेन्सिल शोधायला लागले.