केबल तांब्याची की काचेची

जुन्या, ओरखडे पडलेल्या फिल्म दुरुस्त करणं हा सुनेचा धंदा आणि सर्व्हर सांभाळणं हा नवऱ्याचा. दोन्ही धंदे घराच्या समोरच्या खोलीत सुखाने नांदत होते. तिथल्या जुन्या सर्व्हरमध्ये फिल्मची सगळी चित्रं साठवलेली होती. आता ओरखडे पुसायला नवा सर्व्हर आला. कामाला वाघ, पण त्याचे पंखे असे घोंघावत की शेजारी बसून फिल्मचा आवाज ऐकणं अशक्य. त्याला दुसऱ्या खोलीत ठेवायचं हे लगेच ठरलं. कुठल्या खोलीत, यावर घोडं अडलं.

अडलं ते केबलपायी. नेहमीच्या नेटवर्कवरून चित्रं पाठवली तर नवा सर्व्हर अर्धा वेळ हातावर हात ठेवून बसायचा. म्हणून नवऱ्याने दोघांना पीसीआय एक्सप्रेसने थेट जोडायचं ठरवलं, म्हणजे एकाच्या पोटातला रस्ता सरळ दुसऱ्याच्या पोटात. आता प्रत्येक सर्व्हर आपल्या घरचा कर्ता, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची त्याला सवय नसते. त्यामुळे दोन्हीकडे मध्यस्थी करणारं एकेक कार्ड लागतं. कार्डं आली होती, केबल राहिली होती.

"तांब्याची घेऊ," नवरा म्हणाला. "दणकट असते. एकदा लावली की विसरून जायचं."

"मग अडलंय कुठे?"

"दोन मीटरच्या पुढे या वेगाला सिग्नल टिकत नाही. म्हणजे नवा सर्व्हर भिंतीच्या पलीकडे, बाबांच्या खोलीत."

"आणि दुसरी कुठली?"

"काचेच्या तंतूंची. ती पार मागच्या अडगळीच्या खोलीपर्यंत जाईल. पण महाग, आणि जरा जास्त वाकवली की नखरे सुरू. शिवाय दोन्ही सर्व्हरना एकदम जागं करणारी रिसेटची वेगळी तार हिच्यात नसते. आधी जुना, मग नवा, असंच चालू करायचं. नाहीतर एकमेकांना ओळख दाखवत नाहीत."

"आणि बाबा कुठे झोपणार?"

"मधल्या खोलीत. तूच सांग त्यांना, तुझं ऐकतात."

अवघड बोलणं आलं की बायकोला पुढे करायचं, ही नवऱ्याची जुनी खोड. सासूबाई जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबांच्या त्याच खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर त्या गेल्या होत्या. म्हाताऱ्या माणसाला तिथून उठवायचं, तेही सुनेने सांगून? तिची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू, असं करत तिने दिवस ढकलले.

केबल मागवण्याआधी नवरा नेहमी दोरी अंथरून वाट मोजायचा. मोजपट्टी कोपऱ्यांवर फसवते, दोरी फसवत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याने कपडे वाळत घालायची दोरी घेतली, जुन्या सर्व्हरच्या पाठीपासून भिंतीतल्या भोकातून पलीकडे ओढली आणि बाबांच्या पलंगाच्या पायापर्यंत नेली. तेवढ्यात फोन आला, आणि हा पठ्ठ्या दोरी तशीच टाकून निघून गेला.

संध्याकाळी सून ती उचलायला गेली, तर पलंग उघडा. गादी, उशी, पांघरूण, चष्म्याचं घर, सगळं मधल्या खोलीतल्या दिवाणावर नीट लावलेलं. बाबा तिथेच वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"बाबा, हे काय?"

"दोरी दिसली ना. मशीन येणार असेल तिथे. मला काय, कुठेही चालतं."

तिला भडभडून आलं. तोंडाने सांगायला जमलं नाही आणि दोरीने घालवून दिलं, असं तिला वाटलं. ती तडक नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काचेची मागव. बाबा त्यांच्या खोलीतून हलणार नाहीत."

आठवड्याभरात काचेची केबल आली, मोठमोठी वळणं घेत अडगळीच्या खोलीत पोचली आणि दोन-तीनदा रुसून शेवटी चालू झाली. चित्रं धडाधड जाऊ लागली. सुनेने गादी स्वतः उचलून पलंगावर नेऊन घातली.

"आता तुम्हाला इथून कोणी उठवणार नाही," ती म्हणाली. तिला स्वतःचा थोडा अभिमानच वाटत होता.

"बरं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सर्व्हर चालू करायला उठली, तर बाबा दिवाणावर पाय पोटाशी घेऊन झोपलेले. अंगावर पांघरूण नाही, डोक्याखाली उशी नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. मग ती त्यांच्या शेजारी बसली.

"त्या पलंगावर पाठ दुखते का?"

बाबा उठून बसले.

"तिथे डोळा लागत नाही गं. ही गेल्यापासून एकदाही लागला नाही. पण आपणहून खोली सोडायची म्हणजे हिला टाकून आल्यासारखं वाटायचं. ती दोरी पाहिली आणि म्हटलं, सुटलो. मशीनला जागा हवी होती, माझा काय इलाज."

घरातला कोपरा न् कोपरा मोजून झाला होता, आणि ज्याची खोली त्याला एका शब्दाने कोणी विचारलं नव्हतं. आपल्याच चांगुलपणाची सुनेला लाज वाटली.

नवरा उठल्यावर तिने त्याला नवा सर्व्हर बाबांच्या खोलीत हलवायला सांगितलं.

"म्हणजे तांब्याचीच चालली असती," तो म्हणाला. तिने नुसतं पाहिलं. तो मुकाट्याने केबल सोडवायला लागला.

दुपारी उरलेली केबल सैल वेटोळं करून भिंतीला टांगली गेली. आधी जुना, मग नवा. पंखे घोंघावू लागले तसे बाबा दारात येऊन उभे राहिले.

"फार आवाज करतो की हा," ते म्हणाले.

"फार. इथे कोणाला झोप लागणं शक्यच नाही, बाबा."

"मग काय करणार," बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, जरा मोठ्यानेच, आणि उशी काखेत घेऊन मधल्या खोलीत गेले.