बाजरीएवढे डाग

हौसराव गेली बावीस वर्षं शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढत होता. “श्वास घ्या, रोखा, सोडा,” एवढंच त्याचं काम. फोटो वाचायचा तो डॉक्टरांनी. पण फोटो आधी हौसरावच्या हातात यायचा आणि तेवढ्या वेळात तो निम्मा डॉक्टर होऊन घ्यायचा. पाटसहून त्याचे दाजी चांगदेव खोकत आले, तेव्हाही त्यानं फिल्म उजेडाकडं धरली. दोन्ही फुप्फुसांत बाजरी सांडल्यासारखे ठिपके. डॉक्टर यायच्या आतच तो बहिणीला म्हणाला, “ताई, डाग हाय.”

आपल्याकडं छातीत डाग म्हणजे टीबीच. थुंकीत काही सापडलं नाही, तरी डॉक्टरांनीही फोटो बघून टीबीच्याच गोळ्या दिल्या. हौसरावनं वर सल्ला फुकट दिला. “घरात नात लहान हाय. दाजींची खाट गोठ्याच्या शेडात टाक. हवा खेळती ऱ्हाती.”

शेडात हवा खेळायचीच, पण एकटी नाही. तिथं बगॅसचा, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या भुशाचा ढीग होता. गाईंखाली अंथरायला आणलेला, भिजून बुरशी धरलेला. आजवर दाजी तो रोज घटकाभर उपसायचे. आता तोच उशाशी घेऊन झोपू लागले.

दोन महिन्यांत त्यांना चार पावलांवर धाप लागू लागली. मधे आठ दिवस दवाखान्यात ठेवलं तर बरे झाले. श्रेय हौसरावनं गोळ्यांना दिलं. शेडात परतल्यावर पुन्हा तेच.

शेवटी पुण्यात सीटी स्कॅन आणि बाकीच्या तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटोपेक्षा जास्त वेळ दाजींनाच दिला. काम काय करता, झोपता कुठं, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, “हा टीबी नाही. बुरशीच्या धुळीनं फुप्फुसं सुजलीत. एक्स-रेत दोन्ही सारखंच दिसतं, कुणीही फसेल. पण त्या ढिगाशेजारी झोपायला सांगितलं कुणी?”

हौसराव भिंतीवरचा वजन-उंचीचा तक्ता मन लावून वाचू लागला.

‘कुणीही फसेल’ हे वाक्य त्याला परतीच्या गाडीत यवतपर्यंत पुरलं. पाटस येईतो काहीच उरलं नव्हतं. अंगणात पाय ठेवताच तो म्हणाला, “ताई, डाग म्हणालो तो मी. डॉक्टर नंतर म्हणाले. आन् शेडातबी दाजींना मीच घातलं.”

“ठाऊक हाय,” ताई म्हणाली. “मी तितंच हुते की.”

दाजी ओट्यावर टेकले, दम खात म्हणाले, “डॉक्टरला श्या घातल्या आसत्या, हौसराव. तू पडलास मेव्हणा. तुला रोजच घालतो.”

यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. हौसराव तोंडाला रुमाल बांधून शेडात गेला, खाट उचलून ओसरीवर आणली. दाजींचं वेगळं ठेवलेलं ताट त्यानं घासून घरातल्या ताटांत मिसळलं. दारात नात प्रांजल उभी होती, आजोबांपासून मोजून दोन हात लांब.

“जा की जवळ,” हौसराव म्हणाला.

“तुम्हीच म्हणला हुता, जायचं न्हाई.”

“चुकलो मी.”

पोरीनं आजोबांकडं पाहिलं, मग हौसरावकडं. आणखी कितींदा चुकणार, असा हिशेब मांडल्यासारखं. मग एक पाऊल टाकलं आणि थांबली.

हौसरावनं श्वास रोखून धरला होता. ‘सोडा’ म्हणायला तिथं कुणी नव्हतं.