याच्याविरुद्ध काही आहे काय?

शुभांगीनं तो तक्ता चर्चच्या भिंतीवर लावला तवाच माह्या अंगाचा तिळपापड झाला होता. खोटं कायले बोलू?

तक्ता म्हंजे केवढा, दारावरच्या पडद्याएवढा! वरतं मोठ्या अक्षरात 'रेव्हरंड लखमाजी यांच्या नेमणुका', आन खाली एकेक साल न् त्याच्यापुढं गाव. आमचं मिशन त्या काळी मेथडिस्ट एपिस्कोपल, म्हंजे बिशपवालं. दर साली सभा भरे, शेवटच्या दिवशी बिशप यादी वाचे, आन ती वाचेपर्यंत कोन्या पाद्र्याले मालूम नसे का औंदा आपलं बिऱ्हाड कोन्या गावाले जाईन. त्या साऱ्या याद्या शुभांगीनं दोन वर्सं बसून हुडकल्या. अमरावतीले शाळेत बाई होती, आता रिटायर झाली, पेन्शन हाये, गुडघे चांगले हायेत. तिले काय धंदा? मी इकडं केनवडच्या बजारात मेथीच्या जुड्या विकते.

लखमाजी तिचा आजा, पुंजाजी माहा आजा. दोघं सख्खे भाऊ, लखमाजी थोरला. दोघांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला, दोघंबी उपदेशक झाले. पन लखमाजी पुढं रेव्हरंड झाला, पंचवीस साल पांढरा झगा घातला. त्याचा फोटो चर्चच्या खोलीत काचेत बसवला हाये. माहा आजा चार सालात घरी बसला न् वांगे लावले. आमी आजबी वांगेच लावून राह्यलो.

घरी काहून बसला? माहा बाप जेवता जेवता सांगे, "लखमानं डाव साधला. सख्ख्या भावाची चुगली केली न् त्याचा उपदेशाचा परवाना काढून घेतला." दर खेपी त्याचा घास तोंडाजवळ थांबे. मी लहानपनापासून शुभांगीकडं त्याच नजरेनं पाह्यलं. तिचे बूट, तिच्या दोन वेण्या, तिचं इंग्रजी. हे सारं आमचं होतं, तिच्या आज्यानं चोरलं, असंच मले वाटे. बाप गेला, मी साठीले आली, तरी वाटनं काही गेलं नाही.

औंदा चर्चले शंभर साल झाले. कमिटीनं ठरवलं, दारात दगड बसवायचा न् त्याच्यावर अथी सेवा केलेल्या, अथून उपदेशाले गेलेल्या साऱ्यांची नावं कोरायची. आमचे पाळक धरमसिंगसाहेब बंजारा समाजातले, तरुन हायेत, जुन्या वह्या वाचायचा त्यायले भारी नाद. उपासनेनंतर ते म्हनले, "जुन्या सभेत एक रीत होती. एकेक उपदेशकाचं नाव घेत. तो उठून बाहेर जाई. मग बाकीच्यांना विचारत, याच्याविरुद्ध काही आहे काय? कोणी बोललं नाही तर चालत नसे. कोणी तरी उठून 'काही नाही' म्हणायचंच. आपण दगडाआधी तसंच करू. नाव ज्याचं निघेल, त्याच्या घरचं माणूस बाहेर थांबेल."

साऱ्यायले लई आवडलं. मंग सारे त्या तक्त्यापुढं गोळा झाले. वा शुभांगीताई, केवढी मेहनत केली! धनीबाई आमच्या गायनमंडळातली, तिच्या जिभेले हाड नाही. ती भर चर्चमंदी बोलली, "सुचिता, तुया आज्याचा तक्ता कुठं हाये वो?"

माह्या कानशिलातून वाफा निघाल्या. मी म्हनली, "येते म्हना! आन माह्या आज्याचा तक्ता येईन नं, तवा तुमच्या रेव्हरंडाचं नाव दगडावर राह्यते का जाते ते पाहा."

शुभांगी स्टुलावर चढून तक्त्याची चिकटपट्टी दाबत होती. तिनं आयकलं. वळली नाही, पट्टीच दाबत राह्यली. ते पाहून तं मले अजूनच चढलं. बाई, भांड नं! भांडशील तं बरं वाटन मले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी बजार आटपला का मी पाळकसाहेबाच्या घरी. खोलीत पत्र्याची पेटी, पेटीत जिल्हा सभेच्या वह्या. मराठी, टाकानं लिहिलेलं, वळनदार. दोन दुपारी धूळ खाल्ली, तिसऱ्या दुपारी माहा आजा भेटला. १९२७, धनज. १९२८, धनज. १९२९, रिठद. १९३०, रिठद. चारबी साली त्याच्या नावापुढं लिहिलं होतं, 'विरुद्ध काही नाही.'

काय सांगू तुमाले! लखमाजीच्या तक्त्यात सतरा गावं होती, पन रिठद नव्हतं. रिठद आमचं! मी एकटीच मोठ्यानं हासली. पाळकीनबाई सैपाकघरातून डोकावून गेल्या, का या म्हातारीले झालं तरी काय.

त्या संध्याकाळी मी अर्ज लिहून टाकला. 'रेव्हरंड लखमाजी यांनी खोटी चुगली करून सख्ख्या भावाचा परवाना घालवला. त्यांचे नाव दगडावर कोरू नये.' खाली सही ठोकली. फक्त पुराव्याले १९३१ ची वही तेवढी दाखवायची राह्यली होती.

चौथ्या दुपारी ती वही काढली. चाळीस पानं उलटली. मंग हे आलं. मी जसंच्या तसं सांगते, कारन ते मले पाठ झालं हाये.

'लखमाजी यांचे नाव घेतले. ते बाहेर गेले. याच्याविरुद्ध काही आहे काय, असे विचारता त्यांचे बंधू पुंजाजी उभे राहिले. म्हणाले, लखमाजी होळीच्या दिवशी केनवडच्या बाजारात दारू पिऊन पडले होते. चौकशीस तिघे गेले. गावकऱ्यांनी सांगितले की त्या दिवशी लखमाजी पटकीच्या रोग्यांजवळ होते व दोन लेकरे त्यांनी आपल्या हाताने पुरली. पुंजाजी यांनी कबूल केले की आरोप रचलेला आहे. कारण विचारता म्हणाले, बिशपसाहेबांनी भावाला झगा दिला, मला दिला नाही. मला ते पाहवले नाही. परवाना परत घेतला. लखमाजी यांनी विनंती केली की ही गोष्ट या वहीबाहेर जाऊ नये, घरातही नाही. सभेने मान्य केले.'

माय वो. मी तीनदा वाचलं.

मले ते पाहवले नाही! अवं, हे तं मी रोज म्हनते. शुभांगीनं अमरावतीले घर बांधलं, मले पाहवलं नाही. तिचा पोरगा इंजिनेर झाला, मले पाहवलं नाही. मले वाटे माहा राग न्यायाचा हाये. न्याय कुठचा, बाप्पा! आज्याचा हेवा बापाच्या घासातून माह्या पोटात आला होता, दुसरं काही नाही.

मंग मनात आलं, हे पान फाडावं. कोन पाहते? पाळकसाहेब वाशीमले गेलते, पाळकीनबाई झोपल्या होत्या. पानाच्या मुळाशी मी नख लावलं बी. तेवढ्यात त्याच पानातून एक चिठ्ठी खाली पडली. बारीक, गोल, शाळेतल्या बाईचं अक्षर: '१९३१. लखमाजी, केनवड.' बस.

म्हंजे शुभांगीनं हे वाचलं होतं! दोन वर्सं ती याच वह्या पाहून राह्यली होती, ते मले आंधीच समजाले पाह्यजे होतं. तिले सारं मालूम. मी भर चर्चमंदी तिच्या आज्याचं नाव काढलं तवाबी मालूम होतं. आन ती पट्टी दाबत राह्यली.

पान फाडून काय फायदा? मी वही जागच्या जागी ठेवली न् घरी आली. रायवारपर्यंत एकच भेव, आज्याचं नाव निघन न् शुभांगी उठन. काहून नाही उठनार? मी असती तं उठली असती. नुसती उठली नसती, पदर खोचून उठली असती.

रायवारी चर्च भरलं होतं. अर्ज माह्या पिशवीतच होता, काढाचा राह्यला होता. पाळकसाहेबानं वही उघडली, पयलं नाव घेतलं. "रेव्हरंड लखमाजी."

शुभांगी उठली. चष्मा सावरला, बाहेर गेली, दार लावून घेतलं, खिडकीतून दिसे तशी पार फाटकापाशी जाऊन थांबली.

"याच्याविरुद्ध काही आहे काय?"

सारे माह्याकडं पाहून राह्यले. धनीबाई तं पुरी वळून बसली. मी म्हनलेलं कोनी विसरलं नव्हतं. मी उभी झाली. पिशवी हातात.

"काही नाही," मी बोलली.

"मोठ्यानं बोला, सुचिताबाई. मागं ऐकू गेलं नाही."

"काही नाही!" मी वरडलीच. धनीबाईचं तोंड एवढंसं झालं.

शुभांगीले फाटकावरून आत बोलावलं. ती आपल्या जागेवर बसली. कोनाले काही इचारलं नाही, माह्याकडं पाह्यलंबी नाही. अजून दोन नावं झाली. मंग पाळकसाहेब म्हनले, "उपदेशक पुंजाजी."

मी बाहेर गेली. दार लावलं. खिडकीखाली पान्याचा नळ हाये, त्याच्यापाशी थांबली. नळ धरून ठेवला. आतून पाळकसाहेबाचा आवाज आला, "याच्याविरुद्ध काही आहे काय?"

मी डोळे मिटले. माह्या बापाचा तोंडाजवळ थांबलेला घास दिसला.

"काही नाही."

शुभांगीचा आवाज. साफ, मोठा, वर्गात हजेरी घेतल्यासारखा. शेवटच्या बाकापर्यंत गेला आसन.

मी नळ सोडला न् तोंडावर पानी मारलं. पिशवीतला अर्ज काढला, फाडला, तुकडे पदराच्या वटीत घेतले. आन मंग माह्या ध्यानात आलं. माह्या टायमाले शुभांगी पार फाटकापाशी होती. दार बंद. मी आत काय बोलली, तिच्या आज्याले चोर म्हनली का काय म्हनली, तिले काहीच मालूम नव्हतं. तिनं तं वाईटच धरून चालाले पाह्यजे होतं. तरी ती उठली न् पयल्या झटक्यात बोलली.

दगडावर आता दोघांची नावं खाली-वर हायेत. बजारातून येता-जाता मी रोज पाहते. पन खरं सांगू? तिले 'काही नाही' एकदाच बोला लागलं. मले दोनदा बोला लागलं. हे बी मले पाहवत नाही.