मागून येतोय

दाचित्से गावाहून निघताना ब्लाझेनाने सवयीने दोन्ही ब्रश घेतले. एक तिचा, एक ओताकारचा. सायकलच्या मागच्या पिशवीत पिवळ्या आणि लाल रंगाचा दोन कप्प्यांचा डबा, साल खरवडायची पट्टी, पत्र्याचा साचा, जुन्या चादरीच्या चिंध्या. सगळं भरून झाल्यावर दुसऱ्या ब्रशकडे तिचं लक्ष गेलं. तो परत ठेवायचा म्हणजे पुन्हा चौथ्या मजल्यावर चढणं आलं. राहू दे, म्हणून तिने सायकलवर टांग टाकली.

ओताकार, तिचा नवरा, जानेवारीत गेला. आपल्यामागे काय करायचं आणि काय नाही, ते त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. "बँड नको, भाषण नको. आणि ती काळ्या चौकटीतली निधनाची सूचना तर मुळीच नको. दुकानाच्या काचेवर, बटाट्याच्या भावाशेजारी माझं नाव? हॅट!" या चेक मुलखात कितीतरी माणसं अशीच जातात, हूं नाही की चूं नाही. त्यामुळे कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. समारंभासह की समारंभाशिवाय, असं दहनगृहातल्या बाईने अर्ज पुढे करून विचारलं, ब्लाझेनाने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, आणि झालं. मूलबाळ नव्हतं, भावंडं नव्हती. गेल्याचं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं; तिने ते पुढे कोणाला सांगायची वेळच आली नाही. "माझा नवरा गेला" हे वाक्य तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

रडूही आलं नव्हतं. रडू येत नाही याचं तरी वाईट वाटेल, अशी तिची समजूत होती. तेही वाटलं नाही. हिवाळाभर तिने सूप गरम केलं, प्यायलं, भांडं धुतलं.

एप्रिलच्या शेवटी पर्यटक मंडळाच्या माणसाचा फोन आला. दाचित्सेहून जंगलातून स्लावोनित्सेला जाणारी सायकलवाट कित्येक वर्षं या नवराबायकोकडे होती. पैसे कोणी देत नाही, हौसेचं काम. वाटेतल्या झाडांवर पिवळा-लाल-पिवळा पट्ट्यांचा चौकोन रंगवायचा, जुना पुसट झाला की नवा काढायचा. "मे संपायच्या आत रंगवून व्हायला हवी," तो म्हणाला. "जमणार नसेल तर तसं सांगा, दुसऱ्या जोडीला देऊ. आणि ओताकारला नमस्कार सांगा."

"सांगते," ब्लाझेना म्हणाली.

मोहरीसारखी पिवळीधमक शेतं रस्त्याच्या दोन्ही अंगांना होती. चढ होते, उतार होते. जंगल लागलं तशी ती उतरली आणि कामाला लागली. साल खरवड, साचा लाव, पिवळा, लाल, पिवळा, पुढे चल. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे, हा या कामाचा पहिला नियम. दुसरा असा, की झाडाची जी बाजू जाणाऱ्याला दिसते ती येणाऱ्याला दिसत नाही, म्हणून वाट दोनदा रंगवायची, एकदा जाताना आणि एकदा येताना. जाताना ब्लाझेना रंगवायची आणि ओताकार डबा धरायचा. येताना ओताकार रंगवायचा, ती डबा धरायची. या वाटणीत कधी बदल झाला नाही. तिच्या रेघा सरळ येत. त्याच्या जरा डावीकडे कलत. त्यावरून पहिली काही वर्षं भांडणं झाली, मग दोघांनी नाद सोडला.

आज डबा तिने फांदीच्या खुंटाला अडकवला. चाललं तसंही.

मग एका वळणावर जंगलच संपलं. साल पोखरणाऱ्या किड्याने इथल्या स्प्रूसच्या झाडांची वाट लावली आहे हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी ती दोघं आली तेव्हा झाडं तांबूस पडलेली होती. आता झाडंच नव्हती. नजर जाईल तिथवर बुंधे, ट्रॅक्टरची चाकोरी, मध्येच पाणी साचलेलं, कडेला ओंडक्यांच्या राशी. त्या राशींतल्या कुठल्यातरी ओंडक्यांवर तिच्या खुणा असणार आणि कुठल्यातरी ओंडक्यांवर त्याच्या. आपल्याला इथे वाईट वाटायला हवं, हे तिच्या लक्षात आलं. ती थोडा वेळ थांबून राहिली. काही झालं नाही. मग ती सायकल ढकलत चिखलातून पलीकडे गेली आणि जिथे पुन्हा पाइनची झाडं सुरू झाली तिथे पुढची खूण काढली.

होर्की गावच्या टोकाला लुबोरची खानावळ होती. लुबोर आणि त्याची बहीण द्राहा दोघं मिळून ती चालवत. लुबोरचा खुबा निकामी झाला होता, जीभ मात्र शाबूत होती. खिडकीतून ब्लाझेनाची सायकल दिसली की तो ओताकारची बिअर ओतायला घेई. ओताकार नेहमी मागे असायचा. चढावर उतरून चालायचा, कुठे अळंबी बघत बसायचा. ग्लासातला फेस बसेपर्यंत तो दारात पोचतो, हा लुबोरचा हिशेब, आणि तो सहसा चुकत नसे.

ती आत शिरली तेव्हा ग्लास टेबलावर आलेला होता.

"या, रंगारीणबाई!" लुबोर म्हणाला. "मेलो का जगलो, विचारायलासुद्धा आला नाहीत गेल्या वर्षी. आणि आमची गोगलगाय कुठाय?"

"मागून येतोय," ब्लाझेना म्हणाली.

तिने ते ठरवून म्हटलं नव्हतं. याच दारात, याच प्रश्नाला ती हेच उत्तर देत आली होती. तोंड उघडलं आणि ते बाहेर पडलं. आता सुधारावं, असं तिला वाटलं. पण सुधारायचं म्हणजे ते दुसरं वाक्य म्हणायचं, आणि ते कुठून सुरू करतात हे तिला माहीत नव्हतं. ती बाकावर बसली.

द्राहाने लसणाचं सूप आणून ठेवलं. लुबोरने काचेच्या मोठ्या बरणीतून व्हिनेगरातला सॉसेज काढला, वर कांदा घातला आणि बशी रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली. याला तिकडे 'बुडालेला' म्हणतात, आणि ओताकारचा त्यावर फार जीव.

"पोखरलेलं जंगल तोडलं तिथून आलात?" लुबोरने विचारलं. "मग हा भटकलाच म्हणून समज. एक खूण राहिलेली नाही तिथे. परवा ऑस्ट्रियातली दोन माणसं दुपारपर्यंत गोल गोल फिरत होती."

"त्याला वाट माहीत आहे."

"त्याला? त्याला स्वतःच्या घरातला संडास सापडत नाही! जंगलाच्या खुणा काढतो आणि जंगलातच हरवतो. असला खुणा काढणारा आख्ख्या देशात एकच!" लुबोर स्वतःच्याच विनोदावर हसला. मग त्याने खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. "छातीचं दुखणं कसं आहे त्याचं?"

"आता दुखत नाही," ब्लाझेना म्हणाली, आणि सूप संपवून पुढे निघाली.

स्लावोनित्सेच्या वेशीपर्यंत तिने खुणा काढल्या. चौकात कारंज्याच्या काठावर बसून सँडविच खाल्लं. समोरच्या जुन्या घरांच्या गिलाव्यात माणसं कोरलेली आहेत, दाढीवाली, भालेवाली. त्यांतला एक जण हुबेहूब लुबोर आहे असं ओताकार दर वेळी म्हणायचा, आणि दर वेळी वेगळ्याच माणसाकडे बोट दाखवायचा. ब्लाझेनाने सगळी भिंत पाहिली. कोणीच लुबोरसारखा दिसेना.

परतताना पहिल्या झाडापाशी ती थांबली. इथून ओताकारचं काम सुरू होत असे. त्याची दोन वर्षांपूर्वीची खूण पुसट झाली होती, डावीकडे कललेली. तिने पिशवीची चेन उघडली, त्याच्या ब्रशाला गुंडाळलेल्या चिंधीला हात लावला आणि चेन परत लावली. पुढच्या झाडापासून सुरू करू, असं म्हणाली. पुढच्या झाडापाशीही तेच म्हणाली. मग ती म्हणेनाशी झाली, नुसतीच पायडल मारत राहिली. अर्धीच रंगवलेली वाट काही कामाची नसते. मंडळाला फोन करून टाकावा, द्या म्हणावं दुसऱ्या जोडीला. कारण विचारतील. कारण सांगावं लागेल.

आभाळ उतरून आलं होतं, झिमझिम सुरू झाली होती. होर्कीला ती न थांबता जाणार होती, पण द्राहा दारातच उभी होती. आत टेबलावर बिअरचा ग्लास तसाच होता, वर बशी झाकलेली.

"अगं, तो आलाच नाही!" द्राहा म्हणाली. "लुबोरने वाट वाट पाहिली. मग म्हणाला, छातीचं दुखणं, त्यात खुणा नाहीत, कुठे पडला-बिडला असेल. सायकल काढली आणि गेला. त्या खुब्यानं! फोन इथेच ठेवून गेलाय गाढव. मी ओरडतेय, तर म्हणतो, तू बिअरवर बशी ठेव."

ब्लाझेनाने द्राहाकडे पाहिलं. इथेच सांगून टाकता आलं असतं. तिने सायकल वळवली आणि जंगलाच्या दिशेने जोरात निघाली.

शेवटच्या पाइनपाशी लुबोरची सायकल टेकवलेली होती. पुढे उघडा चिखल, बुंधे आणि पाऊस. तिला तो आधी दिसला नाही, आधी आवाज आला.

"ओताकार!"

ती ओंडक्यांच्या राशीआड थबकली. पलीकडे खूप दूर, एका बुंध्यावर चढून लुबोर उभा होता, तोंडाभोवती हातांची ओंजळ धरून.

"ओताकार! अरे ए गोगलगायी! कुठे मेलास! ओ-ता-कार!"

रिकाम्या माळावरून ते नाव पलीकडच्या टेकडीपर्यंत गेलं आणि थोडं परत आलं. जानेवारीपासून हे नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. फोनवर घेतलं होतं, कागदावर लिहिलं होतं, पण असं, तो कुठेतरी असल्यासारखं, त्याने ओ द्यावी म्हणून, कोणीच घेतलं नव्हतं. ब्लाझेनाच्या छातीत काहीतरी दुखलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच दुखलं, आणि ते थांबू नये असं तिला वाटलं. पुढे होऊन लुबोरला अडवायचं सोडून ती ओल्या ओंडक्याला टेकून उभी राहिली. तो ओरडत राहिला, ती ऐकत राहिली.

अखेर त्याचा आवाज बसला. बुंध्यावरून उतरताना तो घसरला, तेव्हा ती धावली.

"तू?" तिने हात धरून उठवलं तेव्हा लुबोर म्हणाला. खुब्यापर्यंत चिखल झाला होता. "बरं झालं आलीस. तू त्या बाजूने जा, मी या बाजूने बघतो. इथे एक खड्डा आहे पाण्याचा..."

"लुबोर, तो गेला."

"कुठे गेला?"

"जानेवारीत गेला. ओताकार मेला, लुबोर."

पावसाचं पाणी लुबोरच्या भुवयांवरून खाली येत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

"मी त्याची बिअर ओतली," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी इथे घसा फाडतोय... तू कधीची उभी आहेस?"

"बराच वेळ."

"आणि ओरडू दिलंस मला?"

"हो. मला ऐकायचं होतं."

लुबोरने चेकमधल्या आहेत नाहीत तेवढ्या शिव्या दिल्या. आधी तिला, मग ओताकारला, मग किड्याला, जंगलखात्याला आणि स्वतःच्या खुब्याला. शिव्या संपल्या तसा तो ओंडक्यावर बसला आणि टोपीत तोंड घालून रडला. ब्लाझेना शेजारी बसली. तिला अजूनही रडू आलं नाही. पण दुखत होतं, आणि तेवढंही आज पुष्कळ होतं.

"काळी चौकट तरी लावायचीस," लुबोर नाक पुसत म्हणाला. "आमच्या दुकानाच्या काचेवर."

"नको म्हणाला होता."

"तो काय, काहीही म्हणायचा."

परत फिरताना ती पाइनपाशी थांबली. गावाकडून येणाऱ्याला जंगल संपायच्या आधी दिसणारी ही शेवटची खूण, ओताकारची. पाऊस ओसरला होता. फांद्यांखाली खोड कोरडंच होतं. तिने पिशवीतून डबा काढून लुबोरच्या हातात दिला, आणि चिंधी सोडवून दुसरा ब्रश घेतला.

"नीट धर. पोटाशी नको, माझ्या हाताशी."

"मी काय तुझा नवरा आहे?"

"म्हणूनच सांगतेय. त्याला सांगावं लागायचं नाही."

तिने पट्टीने जुना रंग खरवडला. पिवळे, लाल कपचे बुटांवर पडले. हात क्षणभर थांबला, मग तिने सगळं साफ केलं आणि साचा लावला. पिवळा, लाल, पिवळा.

"उद्या कुंपणाचे खांब आणतो," लुबोर म्हणाला. "इथून पलीकडपर्यंत रोवू. खांबाला दोन बाजू असतातच." जरा मागे सरून त्याने डोळे बारीक केले. "वाकडं झालंय तुझं. डावीकडे कललंय."

"असू दे," ब्लाझेना म्हणाली.

लुबोरला सायकलवर बसवेना, म्हणून तो ती हाताने ढकलत निघाला. ब्लाझेना पुढे गेली. खानावळीच्या दारात द्राहा अजून उभी होती, खांद्यावर टॉवेल, नजर रस्त्यावर.

"सापडला का गं ओताकार?"

ब्लाझेना सायकलवरून उतरली. सायकल भिंतीला टेकवली.

"ओताकार जानेवारीत गेला, द्राहा," ती म्हणाली. "मागून येतोय तो लुबोर."