फरशीचं बीपी

सकाळी साडेदहाला मी स्टेजवर पाच किलोची वाळूची पिशवी ओढत होते, तेव्हा प्रभंजन सर हसले.

"काय गं गौतमी, फरशीचं बीपी घेतेस काय?"

सर बेंगळुरूचे. समकालीन नृत्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव यंदा पहिल्यांदाच हुबळीत भरत होता, आणि विद्यानगरातल्या या नाट्यगृहाचं स्टेज त्यांच्या ताब्यात होतं. मी नुकतीच भौतिकशास्त्रात बीएस्सी झालेली, त्यांच्या हाताखाली स्वयंसेवक. स्टेजभर करडी विनाइलची चटई नुकतीच अंथरली होती. मी पिशवीला बॅगा तोलायचा काटा अडकवला आणि पिशवी सरकायला लागते त्या क्षणी काटा किती दाखवतो, ते नऊ जागी वहीत टिपलं. सगळीकडे २.९ किलोच्या आसपास. याचा उपयोग काय ते मलाही ठाऊक नव्हतं. अनवाणी पाय इथं किती धरतील, एवढीच उत्सुकता.

ते अनवाणी पाय माझ्या धाकट्या बहिणीचे होते. सहा वाजता महोत्सव सुरू होणार तो रूपाच्या बारा मिनिटांच्या नाचानं. बाकी संघ लिस्बनपासून सेऊलपर्यंतचे, हुबळीची रूपा एकटी. आमच्या कमरीपेठेत कल्हईवाला मोठ्या हंड्यात उभा राहतो आणि वाळूवर पाय वळवत हंडा आतून घासतो. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे. लहानपणी रूपा ते बघत दुकानासमोरच बसायची. त्यातूनच तिनं हा नाच बसवला. अकरा महिने गच्चीवर सराव केला. शेवटी त्याच वळणातून तेरा गिरक्या, आणि डाव्या कोपऱ्यात एकदम जमिनीवर झोकून देणं.

दुपारी सगळे जेवायला गेलो. तीन वाजून वीस मिनिटांनी इनेश नावाची पोर्तुगीज नर्तकी सरावाला स्टेजवर आली. तिनं पहिलं पाऊल टाकलं, ते पुढं गेलं ते गेलंच. ती बसली थेट चटईवर. लागलं नव्हतं, पण तिनं हाताचा तळवा बघितला, हुंगला आणि आमच्याकडे पाहिलं.

मी वाकून बोट फिरवलं. खोबरेल तेल.

"कुणी केलं हे?" सर ओरडले.

पडद्यामागून दुर्गव्वा आली. नाट्यगृहाची सफाई तिच्याकडे. हातात फडकं, चेहऱ्यावर समाधान.

"मी केलं, सर. किती छान चमकतंय बघा. दोनदा पुसलं. त्या डाव्या कोपऱ्यात तीनदा, तिथं जास्तच राखेसारखं दिसत होतं."

"तेलानं?"

"मग कशानं? आमच्या घरची लाल जमीन खोबरेलानंच चमकते. तोंड दिसतं तिच्यात. एवढ्या लांबनं पाव्हणे येणार, आणि जमीन अशी?" आमची तोंडं बघून तिचा आवाज बारीक झाला. "चुकलं काय, अक्का?"

मी काटा आणला. स्टेजच्या मध्यात १.१. डाव्या कोपऱ्यात ०.८.

सरांनी घड्याळ बघितलं. "बाकीचे आज बूट घालून नाचतात, बुटांच्या तळांना काहीतरी चिकटवून निभावतील. अनवाणी फक्त रूपा. सव्वापाचपर्यंत फरशी जागेवर आली नाही, तर तिचा नाच रद्द. पाय मोडून घ्यायचा नाही मला कुणाचा."

"उद्या?" रूपानं विचारलं.

"उद्या-परवा जागा नाही. सॉरी, पुट्टी. सॉरी, पोरी."

रूपा खाली बसून घुंगरू नसलेल्या पायांना उगाच हात लावत राहिली.

"साबणाचं पाणी," सर म्हणाले.

"साबणाचा थर राहिला तर तोही घसरणार, सर. आणि धुऊन वाळायला वेळ नाही. तेल शोषून घेणारं कोरडं काहीतरी हवं." मी भुसा, खडू, पावडर असं मोठ्यानं मोजत होते.

"दिवाळीला अंगाला तेल लावलं की कशानं काढतेस?" दुर्गव्वानं मध्येच विचारलं.

मी तिच्याकडे बघतच राहिले. "कडलेहिट्टू!"

"म्हणजे काय?" इनेशनं इंग्रजीत विचारलं. सांगत बसायला मला वेळ नव्हता. बेसन, बेसन! मी धावत सुटले.

रस्त्यापलीकडे उमेशअण्णांची मिरची-भज्यांची गाडी. "अण्णा, आहे तेवढं बेसन द्या!"

"आठ किलो आहे. स्टेजवर भजी तळणार काय?"

"तेल आधीच टाकून ठेवलंय अण्णा, पीठच राहिलंय!"

ते हसत हसत स्वतःच पिशवी उचलून माझ्यामागे पळाले.

पीठ पिवळ्या धुळीसारखं पसरलं. दुर्गव्वानं पदर खोचला आणि आम्हाला ओळीत बसवलं: मी, रूपा, उमेशअण्णा, इनेश. "रगडू नका, दाबा. पिठाला पिऊ द्या." पाच मिनिटं थांबून झाडून काढलं, मग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसलं. पिशवीला नवं कापड बांधून मी काटा ओढला. १.९.

"चढतंय!" मी ओरडले. अक्षरशः उडी मारली. "परत!"

दुसरी फेरी. मध्यात २.७. साडेचार झाले होते. उजवीकडे २.८. पण डावा कोपरा २.० वरच अडकला. रूपा जिथं झोकून देणार, तीच जागा.

"तिसरा हात फिरवला होता ना मी," दुर्गव्वा पुटपुटली. तिनं उरलेलं सगळं पीठ कोपऱ्यात ओतलं आणि तळव्यांनी दाबत बसली. मग शर्टाच्या बाह्या वर करून प्रभंजन सरही शेजारी गुडघ्यांवर बसले.

पाच वाजून बारा मिनिटांनी मी काटा ओढला. सगळे माझ्या डोक्यावर वाकलेले.

"२.६."

"पुन्हा घे," सर म्हणाले.

पुन्हा २.६. तिसऱ्यांदा २.७.

सर रूपाकडे वळले. "तू ठरव. पाय तुझा."

रूपा कोपऱ्यात गेली, डोळे मिटून एक गिरकी घेतली आणि स्वतःला झोकून दिलं. उठली, पुन्हा घेतली. "धरतंय," ती म्हणाली. "अक्का, धरतंय!"

सहाला नाट्यगृहातले दिवे मालवले. रायापूरच्या कारखान्यातून सरळ आलेले आमचे वडील, अप्पा, गणवेशातच पहिल्या रांगेत बसले होते; मी बाजूच्या पडद्याआड उभी होते. अंधारात फक्त पाय घासल्याचा आवाज आला, कल्हईवाल्याच्या वाळूचा. मग उजेड हळूहळू वर आला. रूपाची कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे. मी गिरक्या मोजत होते. नऊ, दहा, अकरा. ती डाव्या कोपऱ्याकडे सरकली. बारा. तेरा. ती झोकून पडली, आणि जिथं पडली तिथंच थांबली. एक इंचही सरकली नाही.

टाळ्या सुरू झाल्या. माझ्या शेजारी दुर्गव्वा डोळे पुसत होती.

"चमक मात्र सगळी गेली," ती म्हणाली. "पण पोरगी काय दिसली!"

मागून कुणीतरी माझ्या हातात काटा आणि वाळूची पिशवी दिली. प्रभंजन सर होते, केसांत अजून बेसन.

"बघत काय बसलीस? पुढच्या नाचाला सात मिनिटं आहेत. बीपी घे."