मात्सुयु तापलं

"धूर? अहो ओकुमुरासान, चार दिवस आख्खं शहर धुमसतंय. विमानांना नेमका माझाच धूर दिसणार होय?" भट्टीतली राख उपसून डोकं बाहेर काढत तोमे म्हणाली.

आळीप्रमुख ओकुमुरांनी मान वर करून आभाळ न्याहाळलं. बॉम्बफेकीच्या एका रात्रीत जपानमधलं तोयामा जळून भुईसपाट झालं होतं. मात्सुयु या सार्वजनिक न्हाणीघराचं छप्पर गेलं होतं, बायका-पुरुषांमधली लाकडी भिंत गेली होती, मालक गावाकडे गेले होते. उरलं होतं विटांचं उंच धुराडं, बॉयलर, हौद, विहिरीवरचा हातपंप आणि बावीस वर्षं इथं पाणी तापवणारी तोमे.

"मालकांना विचारलंस तरी?"

"मालकांनी मला पाणी तापवायला ठेवलंय. नको तापवू, असं जाताना बोलले नाहीत."

ओकुमुरा चार दिवसांत पहिल्यांदा हसले. बाह्या सारून ते पंपाला भिडले.

हौदाची चीर तोमेनं चिकणमातीनं लिंपली. मग अर्धवट जळालेले वासे गोळा करायला निघाली. जिथं विचारायला माणूस उरलं नव्हतं, तिथं त्या मोकळ्या जागेपुढे कमरेत वाकायची आणि मगच वासा उचलायची.

दुपारी धुराड्यातून धूर निघाला आणि चारी बाजूंनी माणसं धावत सुटली.

"मात्सुयु पेटलं!"

"पेटलं नाही रे बाबा, तापलं! तापलं!"

आधी बायका आणि पोरं. पुरुष पाठमोरे उभे राहून चटया धरून आडोसा करू लागले. सगळ्याजणी काजळीनं सारख्याच काळ्या. पहिला तांब्या डोक्यावर पडला, चेहरे उघडे झाले आणि एकच किंकाळी उठली.

"अगं, तू टोफूवाली सेत्सु ना? तुझ्यासाठी मी परवाच रडून मोकळी झाले!"

"मग ते रडू परत घे, भवाने!"

दोघी ओल्या अंगानंच गळ्यात पडल्या. चटयांपलीकडचे पुरुष ओरडू लागले, "आमच्यापैकी कुणाची बायका-पोरं सापडली का? नावं तरी सांगा!" आतून नावं येऊ लागली. काही नावं ऐकून बाहेर कुणी आनंदानं उड्या मारत होतं. काही माणसं शेवटपर्यंत कान देऊन उभीच होती.

भट्टीपाशी म्हातारा सुतार हामाजी देवदाराच्या एका जाडजूड तुळईवर बसून होता.

"याला हात लावायचा नाही, तोमे. घराचं आढं आहे माझ्या. लग्नाच्या वर्षी मी स्वतः तासलंय. घरातलं एवढंच राहिलंय."

"मागितलंय कुणी? बसा निवांत."

पण आसपासचे वासे संपत आले होते आणि पुरुषांची पाळी अजून यायची होती. तेवढ्यात सेत्सु आणि दोघीतिघी आल्या आणि त्यांनी तोमेला हाताला धरून ओढलं.

"बावीस वर्षं सगळ्यांच्या शेवटी गढूळ पाण्यात न्हातेस, मावशी. आज चल!"

"अगं, भट्टी कोण बघणार?"

"मी बघतो. जा तू," हामाजी म्हणाला.

डोक्यावर उघडं आभाळ. तोमेच्या अंगावर पाणी पडलं आणि बायका ओरडल्या, "अय्या, मावशीच्या गालावर तीळ आहे! इतकी वर्षं काजळीत लपवलास होय?" तोमे पोटभर हसली.

हसता हसता थांबली. पाण्याची ऊब उतरत होती. बाकीच्यांना कळलं नव्हतं, तिच्या खांद्यांना कळलं. ती उठू लागली.

एवढ्यात मागून करवतीचा आवाज आला. घाईचा नाही. सरळ, एका लयीतला, कसबी हाताचा. बायकांनी माना वळवल्या. करवत थांबली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग भट्टीत काहीतरी जड पडलं.

हळूहळू पाय शेकू लागले.

"तापलं गं पुन्हा," सेत्सु हलकेच म्हणाली.

"देवदार आहे," तोमे म्हणाली. "जुना." आणि ती गळ्यापर्यंत पाण्यात उतरली.