देठाला वारा लागू दे

“देठाला वारा लागू दे गं, चीक रडून होऊ दे, मग लेकरू पेटीत निजू दे.”

आई असं गुणगुणत केळी भरायची. तिला जाऊन वर्षं लोटली, पण घडावरून फण्या सुटू लागल्या की चिमीच्या कानात तोच आवाज उतरे. चिमी आता नातवंडांची आजी. थोरल्या भावाला मात्र ती अजून चिमीच.

केळी भरायच्या शेडमधलं काम दोघांनी वाटून घेतलं होतं. चिमी फण्या कापायची, हौदाच्या पाण्यात चीक जाऊ द्यायची, देठ तुरटीच्या पाण्यात बुडवून फण्या पंख्याखाली फळीवर मांडायची. देठ वाळला की नाही, हे दादाने बाकावर बसून सांगायचं. ओला देठ पेटीत गेला की त्याला काळी बुरशी धरते, आणि एक फणी अख्खी पेटी नासवते. दादाची नजर म्हणजे कसोटीचा दगड. तो “भर” म्हणाला की पेटी बंद!

पण मागची गाडी परत आली. देठ काळेठिक्कर, हात लावताच केळी गळून पडत होती. व्यापाऱ्याने बजावलं, पुन्हा असं झालं तर माल दुसरीकडून घेऊ.

दादाने खापर सुरीवर फोडलं, मग पाण्यावर, मग पंख्यावर. “नाचता येईना, अंगण वाकडं,” असं पुटपुटत चिमीने सुरी उकळली, हौद घासला, पंख्याची पाती पुसली.

आज गाडी पुन्हा दारात उभी होती. चिमीने सहज मान वळवली, तर दादा पाठमोरा, डोळे मिटून, फणीचा देठ गालाला लावून उभा. गालभर चिकाचे तपकिरी डाग.

“काय रे दादा, केळीचे मुके घेतोस? वहिनीला सांगू?”

“सांग की. म्हणेल, सुटले बाई एकदाची!”

हसता हसता त्याने ती फणी बाजूला ठेवली आणि तो बाकावर टेकला. चिमीने देठ चाचपला. खाचेत गार ओल होती. मग तिने दादाने सकाळी तिच्यासमोर नुसतं बघून भरलेल्या पेटीत डोकावलं. तिथले देठ तर लांबूनही ओले चमकत होते.

तिने पेटी फळीवर उपडी केली आणि बाकावर दादाला खेटून बसली.

“गाडीवाला खोळंबलाय,” दादा म्हणाला.

“खोळंबू दे. मी बघते, तू गाल लाव. दोघांच्या तावडीतून सुटेल ती फणी भाग्याची.”

पंखा घुमत राहिला. फण्या एकीच्या हातून दुसऱ्याच्या गालाशी जात राहिल्या, जणू घरातली तान्ही पोरं. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरू लागला. चिमीला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं.

शेवटची फणी दादाने मांडीवरच ठेवून घेतली.

“चिमे, मला दिसत नाही गं. देठ, फळी, तुझं तोंड, सगळं धुक्यात. म्हटलं, तुला कळलं तर मला या बाकावरून उठवशील.”